चौदा पूर्णांक एक तृतीयांश

त्याला सगळे 'लसावि' म्हणायचे. आता हे काय माणसाचं नाव झालं? पण अभ्यासिकेत एकदा नाव पडलं की पडलं. काळ-काम-वेगाचं कुठलंही गणित पुढ्यात टाका, हा पठ्ठ्या आधी दिवसांचा लसावि काढणार, कामाचे तेवढे भाग पाडणार, आणि तुम्ही पेनाचं टोपण काढेपर्यंत उत्तर सांगून मोकळा. अमुक माणूस बारा दिवसांत भिंत बांधतो, तमुक अठरा दिवसांत. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. पाच माणसं काम अर्धवट टाकून पळून जातात. पळणाऱ्यांची तर त्याला फार चीड. "गणितातसुद्धा माणसं टिकत नाहीत," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

अभ्यासिका म्हणजे कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे पुस्तकांना नेहमी ओलसर वास. चाळीस खुर्च्या, त्यातल्या सहा डुगडुगणाऱ्या. भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी आणि त्या पाटीखाली बसून गप्पा मारणारे किल्लीवाले काका. काका सकाळी सहाला दार उघडायचे आणि त्यांच्या पाठोपाठ लसावि आत शिरायचा. अशी अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं! लोक तेवढ्यात संसार थाटतात, घर बांधतात, भांडतात, वेगळे होतात. हा एका खिडकीतल्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या भिंती बांधत होता.

बरं, हुशार नव्हता म्हणावं तर तसंही नाही. गणितात पैकीच्या पैकी, आणि बाकी विषयांत कुठे ना कुठे घोडं अडायचं. कधी दोन मार्कांनी गेला, कधी अर्ध्या. ज्यांना त्यानं शिकवलं ते मात्र धडाधड लागत गेले. कुणी तलाठी, कुणी बँकेत, कुणी रेल्वेत. निकाल लागला की पोरं येऊन पाया पडायची, मिठी मारायची, "सर, तुमच्यामुळे" म्हणायची. पहिल्या महिन्यात चार फोन, सहाव्या महिन्यात एक, मग नुसता तान्ह्या बाळाचा फोटो, मग तोही नाही. त्यांना तरी का दोष द्यावा? ज्याच्या त्याच्या मागे त्याचा त्याचा व्याप. पण रविवारी दुपारी, अभ्यासिका बंद असताना, खोलीवरच्या खाटेवर पडून तो फोन उलटासुलटा करत राहायचा. ताईचा तेवढा फोन यायचा. "जेवलास का? निकाल कधी?" एवढं झालं की तीही गप्प आणि हाही गप्प. एकटेपणा त्याला खायला उठायचा, पण हे ताईला सांगून काय करायचं? ती लांबून रडण्यापलीकडे काय करणार होती?

दोन वर्षांपूर्वी समोरच्या खुर्चीत सिस्टर येऊन बसायला लागली. दवाखान्यात नर्स होती, कंत्राटावर. रात्रपाळी करून सकाळी थेट इकडे यायची, डोळे लाल, केसांना जंतुनाशकाचा वास. नवरा नव्हता, होता तो सोडून गेला होता, आणि एक लहान मुलगी सिस्टरच्या आईकडे होती. गणिताच्या नावानं तिच्या अंगावर काटा यायचा.

"सर, मला एक कळत नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही माणसं एकत्र काम करताना भांडत कशी नाहीत? आमच्या वॉर्डात दोघी एकत्र आल्या की कामाला दुप्पट वेळ लागतो."

लसावि इतका हसला की काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून तो तिला शिकवायला लागला. ती दोनदा चुकायची, तिसऱ्यांदा कधीच नाही. डबा आणायची तो अर्धा त्याच्यापुढे सरकवायची, न बोलता. प्रेमबिम म्हणू नका, तसं काही झालं नव्हतं. पण सकाळी जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की त्याचं पुस्तकातलं लक्ष उडायचं, हे खरं. अकरा वर्षांत तो कुणाची तरी वाट पाहतोय असं पहिल्यांदाच घडत होतं, मग ती वाट गणितापुरती का असेना.

त्या वर्षी एका मंडळाची लिपिकांची भरती निघाली. जागा अकरा, परीक्षा शंभर मार्कांची. लसाविची ही शेवटची संधी. पुढच्या महिन्यात त्याची वयाची अट संपणार होती, मग कुठलाच फॉर्म भरता येणार नव्हता. सिस्टरकडे अजून तीन वर्षं होती. दोघांनी फॉर्म भरले.

परीक्षेत चौसष्टावा प्रश्न आला आणि लसाविला तो बघताक्षणी ओळखू आला. एक माणूस काम बारा दिवसांत करतो, दुसरा अठरा दिवसांत. दोघं एक दिवसाआड, आळीपाळीनं काम करतात. पहिल्यानं सुरुवात केली तर काम किती दिवसांत संपेल? आता बघा, कामाचे छत्तीस भाग करा. पहिला रोज तीन भाग करतो, दुसरा दोन. दोन दिवसांत पाच, म्हणजे चौदा दिवसांत पस्तीस. उरला एक. पंधराव्या दिवशी पाळी पहिल्याची, तो एक भाग दिवसाच्या एक तृतीयांशात उरकतो. उत्तर चौदा पूर्णांक एक तृतीयांश. पर्यायांत ते होतं.

पण त्याच्याखाली चौदा पूर्णांक दोन पंचमांशसुद्धा होतं. आणि लसाविला माहीत होतं की हा प्रश्न जसाच्या तसा अभ्यासिकेतल्या त्या जाड, लाल पुठ्ठ्याच्या गाईडमधून उचललाय, आकडेसुद्धा बदललेले नाहीत. गाईडवाल्यानं पाळीचा विचारच केला नव्हता. दोघांची सरासरी धरून छत्तीसला पाचानं भागलं होतं आणि दुप्पट करून मोकळा झाला होता. छापलेलं उत्तर, दोन पंचमांश. सहा वर्षांपूर्वी लसाविनं त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं बरोबर रीत लिहून ठेवली होती. प्रश्न उचलणाऱ्यानं उत्तरही तिथूनच उचललं असणार. जो प्रश्न स्वतः काढत नाही तो उत्तर कशाला काढेल?

त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि चुकीचं वर्तुळ काळं केलं. त्यात त्याला काही वाईट वाटलं नाही. परीक्षेत खरं उत्तर लिहायचं नसतं, त्यांचं उत्तर लिहायचं असतं, हे अकरा वर्षांत तो शिकला होता.

आठवड्यानं मंडळाची उत्तरतालिका आली. चौसष्टाव्यासमोर दोन पंचमांश. दोघांनी आपापल्या उत्तरपत्रिकेच्या कार्बन प्रती टेबलावर पसरून मार्क मोजले. त्याला एकाहत्तर, तिला सत्तर. जाणकार म्हणत होते, सत्तर-एकाहत्तरच्या आसपासच गाडी थांबणार.

"सर, थांबा जरा," सिस्टर म्हणाली. तिनं बोट चौसष्टाव्यावर ठेवलं होतं. "मला इथं एक तृतीयांश येतंय. तीनदा केलं. तुम्हीच शिकवलंय ना, शेवटच्या दिवशी पाळी कुणाची ते बघायचं? मग ही तालिका चुकली. हरकत टाकायला तीन दिवस दिलेत. रीत लिहून द्यावी लागते, सोबत पुस्तकाचं पान जोडायचं. तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर…"

लसाविची नजर आपल्या कार्बन प्रतीवर गेली. हरकत मान्य झाली की तिचा एक मार्क वाढणार, त्याचा एक कमी होणार. ती एकाहत्तर, तो सत्तर. हिशेब करायला त्याला लसाविसुद्धा काढावा लागला नाही.

"तुम्ही काय लिहिलंत सर यात?"

"बघून सांगतो," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

आणि आयुष्यात पहिल्यांदा काळ-कामाच्या गणितावर त्याला 'उद्या' म्हणावं लागलं. सिस्टरनं त्यात काही वावगं पाहिलं नाही. तिला वाटलं, सर काळजीपूर्वक बघतायत.

दुसऱ्या दिवशी तो सहाच्या आधीच जिन्यात उभा होता. काकांनी दार उघडलं आणि ते चहाला गेले. लसाविनं लाल गाईड काढलं, पान उघडलं. कडेला त्याचंच अक्षर होतं, बारीक, सरळ, त्या वेळी हात कसा ठाम होता ते दाखवणारं. त्यानं खोडरबर घेतलं आणि खोडायला लागला. पान जुनं, कागद पातळ. फार घासलं तर फाटेल म्हणून हळूहळू खोडलं. फुंकर मारून चुरा उडवला. 'तिला अजून तीन वर्षं आहेत,' तो स्वतःला सांगत होता, 'मला एक महिना.' हे खोटं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, जिन्यात जरा पाऊल वाजलं तरी तो दचकत होता.

सिस्टर आली. त्यानं गाईड तिच्यापुढे ठेवलं.

"तालिका बरोबर आहे, सिस्टर. हे बघा, छापलंय. अशा गणितात पाळी मोजत बसायचं नसतं, जोडीचा हिशेब धरायचा. छत्तीस भागिले पाच, गुणिले दोन."

"पण तुम्ही तर म्हणाला होता…"

"मी चुकलो होतो तेव्हा. चुकीचं शिकवलं तुम्हाला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एक मार्क गेल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर होतं, पण त्याच्यावर राग तसूभरही नव्हता. "बरं झालं बाई विचारलं," ती म्हणाली. "नाहीतर हरकत टाकून हसं करून घेतलं असतं. आणि सर, एक सांगू? आमचे डॉक्टर चूक झाली तर जन्मात कबूल करत नाहीत. तुम्ही कशी चटकन केलीत." आणि तिनं डब्याचं झाकण उघडून अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो परत सरकवला. भूक नाही म्हणाला.

हरकतीची मुदत तिसऱ्या दिवशी पाचला संपायची होती. पावणेपाचला त्याला वाटलं, अजून वेळ आहे, अर्ज एका पानाचा तर आहे. पाच वाजले तेव्हा तो खिडकीतून खाली बघत होता. दुकानातला माणूस एका सदऱ्याची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होता. दुसऱ्या कुणी हरकत घेतलीच नाही. अर्धं गाव त्याच गाईडवर पोसलेलं, मग शंका कुणाला येणार?

यादी लागली. लसावि अकरावा, म्हणजे शेवटचा. सिस्टर प्रतीक्षायादीत पहिली. एका मार्कानं.

ताई फोनवर ओक्साबोक्शी रडली. "आज आई असती तर," म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. काकांनी त्याला खुर्चीवरून उठवून मिठी मारली, सिस्टरनं फुलं आणली. "सर, मला फार आनंद झालाय," ती म्हणाली, आणि झालाच होता. तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. ती नावाला तरी कुढली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

नोकरी सुरू झाली. मंडळाच्या कार्यालयात त्याला आवक-जावकचं टेबल मिळालं: आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, दुसऱ्या टेबलाकडे सरकवायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे एका लांब टेबलाशी बसायचे आणि बदल्या, प्लॉट, मुलांच्या शाळा यावर बोलायचे. वाईट नव्हती माणसं. पण त्यांच्यात जुन्या गाठी होत्या, आणि हा चाळिशीला टेकलेला नवखा. कुणी त्याला लसावि म्हणत नव्हतं. तिथं कुणाला गणित अडत नव्हतं. पाचला तो खोलीवर यायचा, दिवा लावायचा, बूट काढायचा, आणि मग रात्रीपर्यंत करायला काहीच उरायचं नाही. ज्या नोकरीसाठी अकरा वर्षं खाटेवर तळमळला, ती मिळाली आणि खाट होती तशीच राहिली. सिस्टरला फोन करावा असं रोज वाटायचं. नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा. कुठल्या तोंडानं करणार?

सात महिन्यांनी तिचाच फोन आला.

"सर, विसरलात ना आम्हाला? मोठी माणसं झालात. अहो, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. शनिवारी सुट्टी असते ना तुम्हाला? एक तास याल का? वही तेवढी तपासून हवी होती."

तो गेला. नाही कसा म्हणणार? इस्त्रीचा वास तोच, पाटी तीच. काका त्याला "साहेब" म्हणाले, आणि बसायला न डुगडुगणारी खुर्ची शोधून दिली. सिस्टर वाळली होती. कंत्राट संपवून दवाखान्यानं तिला काढलं होतं. आता एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी दिवसपाळीला जात होती, सुट्टी फक्त शनिवारी. मुलगी अजून आजीकडेच.

तिनं वही उघडून पुढे केली. सुबक अक्षर, लाल शाईनं चौकटी. वर लिहिलं होतं, 'आळीपाळीची गणितं – सरांची नवी पद्धत'. खाली ओळीनं चाळीस गणितं. एकेक त्यानं नजरेखालून घातलं. लसावि काढलेला, भाग पाडलेले, आणि मग शेवटच्या दिवशी कुणाची पाळी ते न बघता सरळ सरासरी, सरळ दुप्पट. चाळीसच्या चाळीस चुकलेली.

"यंदा यात एक मार्क जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय," ती म्हणाली. "गेल्या वेळी एकानंच घालवलं ना. आणि सर, गंमत बघा," तिनं पिशवीतून आणखी दोन पुस्तकं काढली, "यांच्यात उत्तरं वेगळीच छापलीत. मी म्हटलं, छपाईवाल्यांच्या चुका. सगळ्या दुरुस्त करून टाकल्या मी. मागून येणाऱ्यांचा तरी गोंधळ नको."

तिनं पान उघडून दाखवलं. छापलेल्या बरोबर उत्तरांवर तिनं पेन्सिलीनं काट मारली होती आणि शेजारी, नीट, चुकीची लिहिली होती. पानामागून पान. लसाविच्या हातातलं पेन टेबलावर पडलं ते त्यानं उचललं नाही.

"काय झालं सर? कुठं चुकलंय का?"

अजूनही वेळ होती. 'माझ्याकडून पुन्हा घोटाळा झाला, जुनीच रीत बरोबर,' एवढं म्हणाला असता तरी तिनं मान डोलावली असती. वर आणखी कौतुकही केलं असतं. शब्द ओठांवर आले होते. पण त्या काट मारलेल्या उत्तरांकडे बघता बघता त्यानं ते गिळून टाकले.

"सगळी चुकलीत," तो म्हणाला. "तुमची आधीची रीत बरोबर होती. एक तृतीयांशच बरोबर होतं."

"म्हणजे तालिका…?"

"चुकीची होती."

तिनं वही स्वतःकडे ओढली. बोट त्या पहिल्या गणितावर होतं, बारा आणि अठरा दिवसांच्या. "तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"नाही. मला तेव्हाच माहीत होतं. परीक्षेच्या हॉलमध्येच माहीत होतं. हरकत टाकली असती तर तुम्ही लागला असता आणि मी राहिलो असतो." तो बोलत राहिला. "माझी शेवटची संधी होती, सिस्टर. गाईडमध्ये मी बरोबर रीत लिहून ठेवली होती, ती मी खोडली."

त्याला वाटलं, ती ओरडेल. त्यानं मनातून तिला ओरडायला सांगितलंसुद्धा. काकांना बोलवावं, चार लोकांत आपली अब्रू काढावी, वही तोंडावर फेकावी. यातलं तिनं काहीच केलं नाही. तिनं पदर सारखा केला, खोडरबर शोधलं, आणि पुस्तकातल्या पहिल्या काटेवर ठेवलं. खोडता खोडता तिचा हात थांबला. तिनं वहीची मागची पानं उलटली. त्या पानांवर दोन वर्षांचं सगळं होतं, नळ आणि टाक्या, रेल्वे आणि पूल, काम सोडून पळालेली माणसं. सगळं त्यानंच शिकवलेलं.

"सर, परीक्षेला तीन आठवडे राहिलेत," ती शांतपणे म्हणाली. "एकच विचारते. ही बाकीची तरी बरोबर आहेत का?"

"आहेत. शपथेवर सांगतो, सगळी बरोबर आहेत."

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"हे मी आता कुणाला विचारून खात्री करू?"

खाली दुकानात कुणीतरी इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज आला. सिस्टरनं वही मिटली, दोन्ही पुस्तकं पिशवीत भरली, आणि चपला घालून जिना उतरून गेली.